‘नॉर्मल’ कोणाच्या गुण्यानं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण छोटंच आहे पण मला सांगायला लागलं की आवरत नाही. धंद्यानं सुतार आहे आणि बसणं-उठणं पानठेल्यावर, तेव्हा सांभाळून घ्या. जागा कमी असेल तर दोन्ही टोकांनी रंधा मारा, मधला गाभा तेवढा राहू द्या.

मागच्या खरिपातली गोष्ट. आमच्या गावात आपला पेपर पानठेल्यावर एकच येतो आणि दुपारपर्यंत वीस-पंचवीस हातांतून जाऊन त्याचा पार चोथा होतो. त्या दिवशी आतल्या पानावर हेडिंग होतं की जिल्ह्यात पाऊस नॉर्मल. एका पोट्ट्यानं ते मोठ्यानं वाचलं, तर बाकावर बसलेला एक बुढा म्हणाला, "कोणाच्या वावरात पडला जी हा नॉर्मल?" सगळे हासले. मला काही हासू आलं नाही, कारण माझ्या दीड एकरात तेव्हा सोयाबीनची दुबार पेरणी झाली होती, पहिलं बियाणं उन्हानं जागेवर भाजून गेलं आणि दुसरं निघालं ते दोन रात्रींच्या धो-धो पाण्यात पिवळं पडून उभं होतं, आणि पेपर म्हणतो नॉर्मल. मी मनात म्हटलं साहेबांना विचारू की नॉर्मल म्हणजे किती. मग वाटलं आधी घरीच विचारू, पोरगी बीएला आहे, तिचा इंग्रजी विषय आहे, फी भरतो तर एवढा वसूल व्हायला पाहिजे.

पोरीनं मोबाईलमधे पाहिलं, कॉलेजच्या लायब्ररीतल्या जाड डिक्शनरीतून पण लिहून आणलं, आणि मला म्हणाली, "बाबा, हा तर तुमच्या पेटीतलाच शब्द हाय." मला वाटलं मजाक करून राहिली. पण खरंच तसं निघालं. लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे गुण्या. आपला लोखंडी नाहीतर लाकडी गुण्या, दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, जो लावून आम्ही चौकट बरोबर आहे का वाकडी ते पाहतो. त्यावरून ‘नॉर्मालिस’, म्हणजे गुण्या लावून केलेलं, गुण्यात असलेलं. आणि त्यावरून इंग्रजांचा ‘नॉर्मल’. तीस वर्षं झाली, दिवसातून पन्नास वेळा मी ‘गुण्यात आहे’, ‘गुण्यात नाही’ म्हणून राहिलो, म्हणजे तीस वर्षं मी लॅटिनच बोलत होतो फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यांच्या घरी गुण्या नाही त्यांना थोडं सांगतो. गुण्या काही मोजत नाही. त्याच्यावर इंच असले तरी त्याचं काम इंचाचं नाही. तो एकच सांगतो की हा कोपरा नव्वद अंशाचा आहे का नाही. चौकट मोठी का लहान, सागवानाची का बाभळीची, महालाची का गोठ्याची, त्याच्याशी त्याला घेणं नाही. व्हिट्रुव्हियस नावाचा एक रोमन वास्तूवाला दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, त्यानं लिहून ठेवलंय की ३ फूट, ४ फूट आणि ५ फुटाच्या तीन काठ्या घ्या, टोकाला टोक जोडा, की नॉर्मा तयार. हे पोरीनं वाचून दाखवलं तेव्हा मी उठूनच उभा राहिलो, कारण आमच्या गावचा गवंडी घराचा पाया आखताना आजही तेच करतो, सुतळी घेतो, इकडे तीन, तिकडे चार आणि तिरपं पाच, जुळलं की चुना टाकतो. तो चौथी नापास आहे. रोमला काही गेला नाही.

आणि हे फक्त त्यांच्याकडेच झालं असं नाही. आमची जात-धंदा ‘सुतार’, हा शब्द सूत्रधार यावरून आला, सूत्र म्हणजे सूत, लाकडावर रेघ मारायचा दोरा. त्याच दोऱ्याचं पुढे गणिताचं सूत्र, व्याकरणाचं सूत्र झालं, म्हणजे नियम. माणूस सुतासारखा सरळ आला असं आपण म्हणतोच. तिकडे गुण्याचा नियम झाला, इकडे दोऱ्याचा नियम झाला, दोन्हीकडे पेटी सुताराचीच. हे सुतावरून स्वर्ग गाठणं वाटत असेल तर वाटू द्या, मला तर त्या रात्री झोप नाही आली.

तर हा नॉर्मल सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता, काटकोनातला. आजही बारावीच्या गणितात तोच आहे, मराठीत त्याला अभिलंब म्हणतात, आणि विज्ञानात आरशावर उभी काढायची ती रेघ, स्तंभिका, ती पण इंग्रजीत नॉर्मलच. म्हणजे पोट्टे शाळेत खरा जुना नॉर्मल शिकतात, आणि शाळेच्या बाहेर आले की दुसराच ऐकतात. ‘एनॉर्मस’ म्हणजे खूप मोठा, तो पण याच घरातला, मुळात गुण्याच्या बाहेर गेलेला. हे मला फार आवडलं. सासऱ्याचं पोट एनॉर्मस आहे.

खरा घोळ एकोणिसाव्या शतकात झाला, पण सुरुवात आधीची. लॅटिनमधेच गुण्याचा अर्थ ‘नियम’ असा व्हायला लागला होता, त्यातून फ्रान्समधे १७९४ ला पॅरिसला मास्तर घडवायची शाळा निघाली तिला त्यांनी नॉर्मल म्हटलं, म्हणजे शिकवायचा नमुना दाखवणारी शाळा. १८३९ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला सरकारी नॉर्मल स्कूल झालं. त्यांच्या इलिनॉय राज्यात तर चक्क नॉर्मल नावाचं गाव आहे, तिथल्या मास्तरांच्या कॉलेजवरून नाव पडलं. तिथले लोक कुठले म्हटलं की म्हणत असतील आम्ही नॉर्मलचे. आमचे आबाजी सांगायचे की आधीचे मास्तर ‘नार्मल पास’ असायचे, मला लहानपणी वाटायचं की म्हणजे मास्तर फर्स्टक्लास नाही, साधेच पास झाले! ते आता इतक्या वर्षांनी कळलं.

पण त्याच काळात बेल्जियमचा क्वेटेले नावाचा एक माणूस, होता खगोलवाला, ताऱ्यांची मापं घेणारा, तो माणसांची मापं घ्यायला लागला आणि १८३५ ला त्यानं ‘सरासरी माणूस’ म्हणून एक कल्पना मांडली. ताऱ्याची जागा शंभर वेळा मोजली की मापं थोडी इकडे-तिकडे होतात, त्यातलं मधलं माप खरं आणि बाकी हाताची चूक, हे बरोबर आहे. त्यानं तेच माणसांना लावलं. मधला माणूस खरा, आणि उंच, ठेंगणा, जाडा, बारका हे सगळे जणू देवाच्या हाताची चूक. पुढे डॉक्टर लोक, सरकारी खाते, सगळे त्या मधल्यालाच नॉर्मल म्हणायला लागले. इथे गुण्या हातातून सुटला साहेब. कारण सरासरी म्हणजे गुण्या नाही. शंभर वाकड्या चौकटींची सरासरी काढली तर काटकोन निघेलही कदाचित, पण त्या शंभरातली एक पण चौकट भिंतीत बसणार नाही.

आता पावसाकडे येतो, मुख्य दुखणं तेच आहे.

हवामान खात्याचा हिशोब असा की १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी काढली, पूर्ण देशाच्या पावसाळ्याची ती आली ८७ सेंटिमीटर. पूर्ण देशात या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की मान्सून नॉर्मल. आणि जिल्ह्याचा हिशोब आणखी ढिला, सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, याच्यामधे कुठेही बसलं की नॉर्मल. उणे २० झालं की तूट. म्हणजे उणे १९ वाला शेतकरी नॉर्मल आणि उणे २० वाला तुटीचा. मधे एका टक्क्याचा धुरा, म्हणजे बांध. आमच्या धंद्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, चुकलं तर दरवाजा लागत नाही, आणि इथे १९ टक्क्यांपर्यंत गुण्या हालला तरी चौकट बरोबर! आणि ती पन्नास वर्षं कोणती, तर त्यात ७२ चा दुष्काळ पण आला, पुराची वर्षं पण आली, सगळं एकत्र उकळून जो काढा निघाला तो नॉर्मल.

तरी हे पण मी मान्य करतो, खात्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, रेघेशिवाय आम्ही पण करवत चालवत नाही. माझं भांडण रेघेशी नाहीच. माझं भांडण हे आहे की महिन्याची बेरीज म्हणजे पाऊस नाही. आता हे उदाहरण धरा. समजा एका तालुक्याची महिन्याची सरासरी ३०० मिलिमीटर आहे. एका रात्री पडला १३०, दुसऱ्या रात्री ११०, झाले २४०. बाकी महिनाभर नुसता चिरचिर, सगळी मिळून १२. एकूण २५२. म्हणजे सरासरीच्या ८४ टक्के, उणे १६. नॉर्मल! आता गंमत पाहा. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारच त्याला अतिवृष्टी म्हणते, तलाठी पंचनाम्याला येतो. म्हणजे त्याच महिन्यात त्याच वावरात दोनदा अतिवृष्टी झाली, मागे-पुढे कोरडी भेग पडेपर्यंत उघाड झाली, आणि महिना नॉर्मल. एखाद्या माणसाचा एक पाय चुलीत आणि एक पाय बर्फात ठेवून मधे थर्मामीटर लावला तर काय सांगेल तो? माझ्या दीड एकरात आकडे वेगळे असतील पण गत हीच झाली.

आमच्या म्हाताऱ्या लोकांकडे नॉर्मल नव्हता. पण त्यांच्याकडे नक्षत्रं होती. मृगाचा लागला का, आर्द्रा कशी गेली, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, मघा बरसली का, हस्ताचा हत्ती कसा आला. एकूण किती पडला हे आबाजीनं मला जन्मात सांगितलं नाही. कधी पडला तेच सांगायचे. आता मी काही नक्षत्रावर शेती करा म्हणत नाही, आमच्या गावातले पोट्टे मोबाईलवर ढग पाहतात आणि ते चांगलंच आहे. पण त्या बोलण्यात दिवस होते, आणि पिकाला दिवस लागतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, काही वार्षिक सरासरी पीत नाही. आणि पिकाचा हिशोब तेव्हा आण्यात व्हायचा, आणेवारी, पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. आता पैसेवारी झाली, ५० पैशाच्या खाली आलं की पीक वाईट धरतात. पण सोळा आणे म्हटलं की माणसाला कळत होतं की हे भरलेलं पीक आहे. मधलं पीक कोणी सोळा आणे म्हणत नव्हतं.

मला पावसाचं कळतं ते पोळ्याला. आमच्याइकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, लहान पोट्टे लाकडाचे नंदी सजवून नेतात, आणि ते नंदी मी करतो. पीक चांगलं दिसत असलं की माणूस म्हणतो बारा इंचाचा करा जी, चाकं पण चांगली लावा, शिंगाला पितळेचं टोपण घाला. त्या नॉर्मल सालात मला बहुतेक सहा इंचाचे सांगून गेले, दोघा-तिघांनी तर जुन्यालाच रंग मारून द्या म्हटलं. माझ्या गुण्यानं तो पाऊस सहा इंच.

पावसाचं सोडा. हा शब्द माणसांवर लावतात तेव्हा तर मला जास्तच टोचते.

सुनेचं बाळंतपण तालुक्याच्या ठिकाणी झालं, सिझर झालं, बाळ चांगलं, माय चांगली. घरी आणल्यावर बघायला बाया आल्या. पहिला प्रश्न पोरगा का पोरगी असायचा तो आता दुसरा झाला, पहिला आहे "नॉर्मल झाली का सिझर?" सिझर म्हटलं की चेहरा असा की जसं काही चौकट गुण्यात नाही बसली. सून दोन दिवस काही बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बघायला आलेल्या एका बाईला म्हणाली, "मामी, मी काय नापास झाली का?" माझ्या मायच्या वेळी विचारायचे, सुखरूप आहे ना? बस एवढंच. सुखरूप या शब्दात पोट कापलं का नाही कापलं त्याची चौकशी नाही, दोन जीव आहेत ना एवढीच चौकशी आहे. एवढा चांगला शब्द आपल्या घरात असून आपण तो माळ्यावर फेकला आणि हा नॉर्मल घेऊन बसलो. सिझर गरजेशिवाय करतात का ते डॉक्टर लोकांना विचारा, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर तुम्ही लिहिलं पण पाहिजे. पण बाईला कशाला शेरा?

दुसरं सिकलसेलचं. विदर्भात हा आजार आहे हे सांगायची गरज नाही, लाल पेशी इळ्यासारखी वाकडी होते म्हणून ते नाव. शाळेत, दवाखान्यात तपासणी होते, २०२३ च्या जुलैत केंद्रानं मिशन पण सुरू केलं, आणि ते चांगलं काम आहे. तपासणीत तीन गट सांगतात. एए म्हणजे नॉर्मल. एएस म्हणजे वाहक. एसएस म्हणजे रुग्ण. आता वाहकाला आजार नसतो, तो नांगर हाकतो, पोतं उचलतो, सगळं करतो. फक्त एएस आणि एएस यांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की लेकरू एसएस निघेल, म्हणून लग्नाआधी पाहायचं. एए शी एएस चं लग्न झालं तर एकही लेकरू एसएस होत नाही. एवढा सोपा हिशोब आहे. पण आमच्या ओळखीतल्या एका पोरीचं जमलेलं मोडलं, कारण पोराकडचे म्हणे की कागदावर तिच्या नावापुढे नॉर्मल नाही लिहिलं. पोरगा एए होता! काही अडचणच नव्हती. एका शब्दानं मोडलं ते. आणि आणखी एक ऐका, हा वाहकपणा मलेरियाच्या जंगलात माणसाला वाचवणारा होता, ज्याच्यात एक एस आहे त्याला मलेरियानं मरायची भीती कमी, म्हणून तर हजारो वर्षं तो टिकला. म्हणजे त्या जंगलात गुण्या लावला असता तर एएस च गुण्यात आला असता. भिंत बदलली आणि आपण चौकटीला वाकडी म्हणून राहिलो.

हे माझ्या धंद्यात रोज होतं. जुन्या मातीच्या घरात नवी चौकट बसवायला गेलो की मालक ओरडते, "वाकडी बसवली न बे!" मी गुण्या लावून दाखवतो, ओळंबा सोडून दाखवतो, चौकट एकदम बरोबर असते, साठ वर्षांच्या भिंतीनं मान टाकलेली असते. पण डोळ्याला भिंत दिसते मोठी आणि चौकट लहान, तर चूक लहानाची.

रिपोर्टचं पण असंच काही आहे. पॅथॉलॉजीच्या कागदावर नॉर्मल रेंज लिहिलेली असते ती बहुतेक वेळा अशी काढतात की चांगल्या-भल्या शंभर माणसांपैकी मधले पंचाण्णव तिच्यात बसावे. म्हणजे पाच चांगले माणसं ठरवूनच बाहेर! मग त्या कागदावर ठळक अक्षर आलं की इकडे घरात रडारड. ताप ९८.६ हा नॉर्मल, तो जर्मनीच्या वुंडरलिश डॉक्टरनं १८६८ ला पंचवीसेक हजार पेशंटची मापं घेऊन सांगितला, तेव्हाचा आकडा अजून चालून राहिला, आणि सकाळचा आणि संध्याकाळचा ताप एकाच माणसाचा सारखा नसतो हे तर कोणत्याही नर्सबाईला माहीत आहे. आणि आमच्या गावाचं लाडकं सलाईन, ज्याच्यावर नॉर्मल लिहिलं असतं, त्यात लिटरला ९ ग्राम मीठ. रसायनशास्त्राच्या हिशोबानं मिठाचं खरं नॉर्मल द्रावण करायचं तर लिटरला ५८ ग्रामच्या वर मीठ टाकावं लागते, आणि ते जर शिरेतून दिलं तर पेशंटला सरळ स्मशानातच न्यावं लागेल. म्हणजे बाटलीवरचा नॉर्मल आणि प्रयोगशाळेतला नॉर्मल हे एकमेकांचे पाहुणे पण नाहीत. कोरोनात तर तुम्हीच छापत होते ‘न्यू नॉर्मल’, ‘न्यू नॉर्मल’. तेव्हा आमचं दुकान बंद होतं, न्यू पण नव्हतं आणि नॉर्मल पण नव्हतं.

मी इंग्रजीचा दुश्मन नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कोणी उत्तर लिहील की आधी ड्रिल आणि प्लाय आणि सनमाईकाला मराठी शब्द काढा. नाही काढत. ड्रिल म्हटलं की एकच वस्तू समोर येते, त्यात गोंधळ नाही. नॉर्मलचं तसं नाही. हा शब्द ‘सरासरीइतका आहे’ असं पण सांगतो आणि ‘बरोबर आहे, काळजी नको’ असं पण सांगतो, दोन्ही एकाच तोंडानं, आणि ऐकणाऱ्याला दुसरंच ऐकू येते. खात्यानं पहिल्या अर्थानं लिहिलं, तुम्ही तसंच छापलं, पानठेल्यावर ते दुसऱ्या अर्थानं वाचलं, आणि तालुक्याच्या साहेबानं पण, माझा अंदाज आहे, दुसऱ्याच अर्थानं वाचलं. आपल्याकडे एकेकाला शब्द आहेत. पाऊस सरासरीइतका. बाळंतपण सुखरूप. लेकरू धड. रिपोर्ट ठीक. माणूस चारचौघांसारखा. पाच कामाला पाच पटाशा आहेत पेटीत, आपण एका बोथट पटाशीनं सगळं खरडून राहिलो.

एक गोष्ट राहिली. नवीन गुण्या विकत आणला की आम्ही तो आधी तपासतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. सरळ कडेच्या फळीला लावायचा, रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दुकानदाराला परत. बाजारात नवे, चकचकीत, छाप मारलेले गुण्ये पण खोटे निघतात, मी स्वतः दोन परत केले. हेडिंग मारताना तुमच्या टेबलावर असं काही उलटं करून पाहता येईल का? एकदा बेरजेनं, एकदा दिवसांनी. दोन्हीकडून नॉर्मल आला तर खुशाल छापा, मी स्वतः पानठेल्यावर मोठ्यानं वाचून दाखवीन.

म्हणून विनंती एवढीच आहे की आपण पावसाचं जे टेबल छापता, तालुका, सरासरी, पडला, टक्के, त्यात आणखी दोन रकाने टाका. एक, पावसाचे दिवस किती. हवामान खात्याच्या हिशोबात अडीच मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस, म्हणजे मोजमाप काही नवीन करायचं नाही. आणि दोन, सगळ्यात लांब उघाड किती दिवसांची होती. जागा लागेल बोटभर. त्या पानावर लग्न जुळवणाऱ्याची आणि सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात असते ती थोडी सरकवा. आणि हेडिंगमधे नॉर्मल नका लिहू, ‘बेरीज सरासरीइतकी’ असं लिहा, अक्षरं थोडी जास्त होतील पण बुढा हासणार नाही.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. यंदाच्या मृगापासून दुकानाच्या चौकटीवर आतल्या बाजूनं पेन्सिलनं रेघा मारून राहिलो, पडला त्या दिवशी उभी, कोरडा गेला त्या दिवशी आडवी. पोरगी म्हणते मोबाईलमधे लिहा न बाबा, पण चौकट हरवत नाही. पहिले काही दिवस उभ्या होत्या, आता आडव्या सुरू झाल्या आहेत, काल अकरावी मारली. दिवाळीला त्याचा फोटो पोरीकडून पाठवतो, तुमच्या टेबलाशी लावून पाहा.

आपला,
पानठेल्यावरचा एक जुना वाचक (धंदा : सुतारकी)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ